सदिश समीकरणांची संगणकीय उकल

ज्या समीकरणातील अज्ञात राशीला परिमाणाबरोबर दिशाही असते, ते सदिश समीकरण. अशी समीकरणे मॅक्सिमा, मॅथेमॅटिका, मॅटलॅब, सायलॅब, सिमपाय यांसारख्या गणिती प्रणालींकडून सोडवून घेणे अभियांत्रिकीत आणि भौतिकीत आता नित्याचे झाले आहे. सदिशांचे आजचे अंकन गिब्ज आणि हेविसाइड यांनी १८८० च्या दशकात रुजवले. त्याची सोय अशी की, आख्खा सदिश एका अक्षराने लिहून समीकरण हाताळता येते. नेमकी हीच गोष्ट बहुतेक प्रणालींच्या अंगवळणी पडलेली नाही. मॅक्सिमात अक्षररूप सदिशांसाठी 'व्हेक्ट' नावाची पुरवणी आहे, पण एरवी प्रणालीच्या लेखी सदिश म्हणजे आकड्यांची यादी आणि सुटे अक्षर म्हणजे साधी संख्या. मॅथेमॅटिकात (१, २, ३) या यादीत स हे अक्षर मिळवले, तर उत्तर (१+स, २+स, ३+स) असे येते. स सदिश आहे हे आपल्या मनात असते, प्रणालीला ते सांगितलेले नसते; आणि ती चूकही दाखवत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे अज्ञात सदिशाचे घटक पाडून देणे.

अ × स = ब हे समीकरण नमुन्यादाखल घेऊ; × म्हणजे सदिश गुणाकार. अ आणि ब माहीत आहेत, स शोधायचा आहे. अ = (१, २, २), ब = (२, १, −२) आणि स = (क्ष, य, झ) घेतल्यास तीन समीकरणे मिळतात:

−२य + २झ = २
२क्ष − झ = १
−२क्ष + य = −२

समीकरणे तीन आणि अज्ञातेही तीन, तरीही उत्तर एकच येत नाही. दहावीच्या बीजगणितात भेटणारा निश्चयक येथे शून्य असतो. अ कोणताही घेतला तरी तो शून्यच राहतो. सिमपाय 'क्ष = (झ + १)/२, य = झ − १' एवढे सांगून झ मोकळा सोडते. मॅक्सिमा एक समीकरण परावलंबी म्हणून वगळल्याची सूचना देते आणि मोकळ्या संख्येला स्वतःचे नाव ठेवते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण त्यांतून भूमिती दिसत नाही. ती कागदावरच्या सूत्रात दिसते: स = (ब × अ)/|अ|² + ट अ, येथे |अ| म्हणजे अ ची लांबी आणि ट कोणतीही संख्या. वरील उदाहरणात हे (२/३, −२/३, १/३) या बिंदूतून जाणारी, अ ला समांतर रेषा आहे. अ हा पान्याचा दांडा, स हे बल आणि ब हे आघूर्ण, म्हणजे फिरवण्याचा जोर, असे समजा. नट पान्याने फिरवताना दांड्याच्याच दिशेने कितीही ओढले तरी आघूर्णात भर पडत नाही. त्यामुळे केवळ आघूर्णावरून बलाचा तो घटक कळू शकत नाही. ट मोकळा राहतो तो याच कारणाने. अ · स या अदिश गुणाकाराची किंमत वेगळी दिलेली असेल तर मात्र ट ठरतो.

अ · ब = ० असेल तरच या समीकरणाला उकल असते. अ आणि ब यांचे घटक आकड्यांऐवजी अक्षरांत ठेवले की मॅथेमॅटिकाची 'सॉल्व्ह' आज्ञा रिकामी यादी परत देते, कारण सर्वसाधारण अक्षरांसाठी ही अट पाळली जात नाही. 'रिड्यूस' ही आज्ञा अटींसकट उत्तर देते. ते लांबलचक असते, पण विश्वासार्ह तेच.

आकडेमोडीवर चालणाऱ्या प्रणालींचा मामला वेगळा. मॅटलॅबचा उगम १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. विद्यार्थ्यांना फोरट्रान या भाषेत प्रोग्राम न लिहिता लिनपॅक आणि आइसपॅक या आज्ञासंग्रहांचा वापर करता यावा म्हणून क्लीव्ह मोलर यांनी ती तयार केली. वरच्या तीन समीकरणांतील सहगुणकांचे मॅट्रिक्स दिले की, निश्चयक शून्य असल्याने, मॅटलॅब इशारा देते आणि पायथनमधील नमपाय तर गणितच थांबवते. येथवर ठीक. पण ज्या मॅट्रिक्सला व्यस्त नसतो त्याच्यासाठी व्यस्ताच्या जागी वापरले जाणारे छद्मव्यस्त, म्हणजे 'पिन्व्ह' ही आज्ञा, वापरले की ०.६६६७, −०.६६६७, ०.३३३३ असे नेटके उत्तर समोर येते. असंख्य उकलींपैकी ही सर्वांत कमी लांबीची, एवढेच. बाकीच्यांचा उल्लेखही नसतो. त्याहून वाईट म्हणजे ब वरची अट न पाळणारा असला, तरी पिन्व्ह लघुतम वर्गांच्या, म्हणजे चूक कमीत कमी ठेवण्याच्या, रीतीने काहीतरी देतेच. म्हणून आलेले उत्तर मूळ समीकरणात घालून पाहणे ऐच्छिक मानू नये.

अट तपासतानाही दशांशांचा घोळ होतो. अ = (१, १, १) आणि ब = (०.१, ०.२, −०.३) यांचा अदिश गुणाकार शून्य आहे, संगणक मात्र सुमारे ५.५५ × १०⁻¹⁷ दाखवतो, कारण ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. शून्याशी थेट तुलना करणारा प्रोग्राम येथे 'उकल नाही' असे सांगून मोकळा होईल. उपाय दोन: काही सूक्ष्म मर्यादेपर्यंतचा फरक चालवून घेणे, किंवा ०.१ ऐवजी १/१० लिहून मॅक्सिमासारख्या चिन्हरूप, म्हणजे अक्षरे आणि अपूर्णांक जसेच्या तसे हाताळणाऱ्या, प्रणालीकडून गणित करून घेणे.

दुसऱ्या उपायासाठी पैसे मोजावे लागतातच असे नाही. मॅक्सिमाचा वंश एमआयटीत १९६८ मध्ये सुरू झालेल्या 'मॅकसिमा' (Macsyma) या पूर्वज प्रणालीपर्यंत जातो. विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून मॅकसिमाची एक आवृत्ती सांभाळली आणि १९९८ मध्ये ती खुल्या परवान्याखाली आणण्याची परवानगी मिळवली. आकडेमोडीच्या बाजूला सायलॅबही मोफत आहे. मुंबईच्या आयआयटीतील फॉसी प्रकल्प तिचा प्रसार करतो, आणि तेथल्याच स्पोकन ट्यूटोरियल उपक्रमात मराठीतूनही पाठ ऐकता येतात.

प्रत्येक सदिश समीकरण इतके अडवणारे नसते. स + अ × स = ब यात निश्चयक १ + |अ|² येतो. वास्तव घटकांसाठी तो कधीच शून्य होत नाही, त्यामुळे उकल नेहमी एकच असते आणि कोणतीही प्रणाली ती बिनतक्रार देते.