वेल्समधलं दगडांचं रिंगण: प्राचीन की गॉर्सेदचं?

वेल्समध्ये फिरताना गवतात दगडांचं रिंगण दिसलं की मन लगेच हजारो वर्षं मागे धावतं. पण ते रिंगण शहरातल्या बागेत किंवा गावच्या मैदानावर असेल, तर ते बहुधा गॉर्सेदचं, म्हणजे वेल्श कवी-विद्वानांच्या सभेचं असतं; पणजोबांच्या काळातलं, कधी कधी तर आपल्याच हयातीतलं.

खरोखर प्राचीन रिंगण बघायचं तर पेम्ब्रोकशरमध्ये, प्रेसेली डोंगरांच्या पायथ्याशी गॉर्स वाउरला जा. नावाचा अर्थच 'मोठी दलदल'; पावसाळी बूट घालूनच निघा. साधारण 22 मीटर व्यासाच्या या रिंगणात 16 दगड आहेत, बहुतेक कमरेएवढेही नाहीत. कुणी कललेला, कुणी निम्मा मातीत रुतलेला, एकासारखा दुसरा नाही. वाकून पाहिलं की राखाडी दगडफूल दिसतं आणि खाचेत अडकलेली मेंढीची लोकर. मधोमध फक्त गवत. ईशान्येला थोड्या अंतरावर माणसाएवढे दोन दगड वेगळे उभे आहेत आणि त्यांच्या मागे डोंगरमाथ्यावरचे खडकाळ सुळके. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्रसिद्ध प्राचीन रिंगणाचे निळसर दगड याच डोंगरांतून गेले. तिथे मी तरी घाईने फोटो काढून निघणार नाही.

दुसरं रिंगण गॉर्सेदचं.  योलो मॉर्गानुग या पाथरवट कवीने ही सभा 1792 मध्ये लंडनच्या प्रिमरोझ हिलवर प्रथम भरवली आणि 1819 मध्ये कार्मार्थनला आयस्तेदवोद या साहित्य-संगीत महोत्सवाशी जोडली. हा सोहळा प्राचीन ड्रुइडांपासून, म्हणजे केल्टिक पुरोहितांपासून, चालत आल्याचं तो सांगे. प्रत्यक्षात बराचसा त्याने स्वतःच रचला होता. राष्ट्रीय आयस्तेदवोद आपल्या साहित्य संमेलनासारखं दरवर्षी नव्या ठिकाणी भरतं आणि तिथे गॉर्सेदच्या सोहळ्यासाठी दगड उभारले जात, म्हणून गावोगावी अशी रिंगणं राहिली. कार्डिफच्या ब्यूट पार्कमधलं 1978 चं. आबरिस्टविथमधलं तर मध्ययुगीन किल्ल्याच्या पडक्या भिंतींमध्ये आहे, तिथे भलेभले फसतात. आता दगडांऐवजी फायबरग्लासचं, उचलून नेता येणारं रिंगण वापरतात.

ओळखायचं कसं? आधी मधोमध बघा. तिथे व्यासपीठासारखा मोठा सपाट दगड असेल तर ते गॉर्सेदचं. भोवतीचे दगडही, बहुधा 12, नीट अंतर राखून उभे असतात. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशावर प्राचीन अवशेषांची नावं जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापतात, तेही तपासा.

गॉर्सेदच्या रिंगणाला नकली म्हणणं मात्र मला पटत नाही. गॉर्स वाउर उभारणाऱ्यांचा एक शब्दही आपल्यापर्यंत पोचलेला नाही. गॉर्सेद उभी आहे ती शब्दासाठीच, वेल्श भाषेसाठी. सोहळ्यात मोठी तलवार म्यानातून अर्धीच उपसतात आणि मुख्य ड्रुइड तीनदा विचारतो, 'शांतता आहे का?' तिन्ही वेळा जमलेली माणसं एका आवाजात ओरडतात, 'हेदुख!' म्हणजे शांतता. मग तलवार पुन्हा म्यानात जाते.