आगळ्यावेगळ्या ब्रेक डिस्क: दिखावा किती, उपयोग किती?

मोटारसायकलच्या पुढच्या चाकावरची डिस्क सहज नजरेत भरते, त्यामुळे तिच्या आकाराशी खेळण्याचा मोह उत्पादकांना आणि हौशी चालकांना सारखाच होतो. मात्र गाडी किती लवकर थांबेल, हे टायरच्या पकडीवर आणि मागचे चाक कधी उचलले जाते यावर ठरते. त्या मर्यादेपर्यंत साधी गोल डिस्कही सहज पोहोचवते. म्हणून डिस्कची पारख करायची ती प्रामुख्याने उष्णता पेलण्याच्या तिच्या क्षमतेवरून.

चालकासह 250 किलो वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात सुमारे 96,000 जूल गतिज ऊर्जा असते. ही सारी ऊर्जा दीड किलोच्या एकाच पोलादी डिस्कमध्ये उतरली, तर एकदा थांबण्यातच तिचे तापमान जवळजवळ 130 अंश सेल्सिअसने वाढते आणि वेग दुप्पट असेल तर ही वाढ चौपट होते. पाकळीदार डिस्कची कडा कापून वजन घटवले, की तेवढीच उष्णता कमी धातूत साठते, म्हणजे डिस्क अधिक तापते. ती नंतर लवकर निवत असेलही, पण ऐन जोराच्या ब्रेकच्या वेळी कामी येते ते वस्तुमानच. चिखलातल्या शर्यतींत या पाकळ्या डिस्कवर घासणाऱ्या पॅडवरचा चिखल खरवडून काढतात आणि तिथे त्यांचे मोल खरे आहे. रस्त्यावरच्या गाडीला त्या मुख्यतः शोभा देतात. छिद्रांचे तसे नाही: पावसात डिस्कवर साचणाऱ्या पाण्याच्या थराला ती वाट करून देतात. त्यांच्या काठांवर तडे गेले नाहीत ना, हे मात्र अधूनमधून पाहावे लागते.

ब्युएल कंपनीने 2002 मध्ये आणलेल्या एक्सबी मालिकेत 375 मिलिमीटर व्यासाची एकच डिस्क थेट चाकाच्या धावेला जोडली होती आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तिला आतल्या बाजूने धरत असे. ब्रेकचा पीळ आऱ्यांतून जात नसल्याने चाक हलके करता आले, ही कल्पना मला फार देखणी वाटते. तरीही डिस्कचे वस्तुमान अक्षापासून दूर गेल्याने चाकाचे जडत्व वाढते आणि सगळी उष्णता एकाच डिस्कवर येते. मोठ्या व्यासामुळे मिळणारा ब्रेकचा जादा जोर तर मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर ब्रेकच्या द्रवावर दाब देणारा भाग) आणि कॅलिपरच्या पिस्टनचे माप बदलूनही मिळवता येतो.

खरा फायदा दिसतो तो फ्लोटिंग डिस्कमध्ये. 320 मिलिमीटर व्यासाची पोलादी कडी 300 अंशांनी तापली, की तिचा व्यास सुमारे एक मिलिमीटरने वाढतो. ती मधल्या थंड भागाला घट्ट जखडलेली असेल, तर हा फुगवटा बशीसारखा बाक आणतो. फ्लोटिंग डिस्कमध्ये कडी आणि मधला ॲल्युमिनियमचा भाग यांच्यात गोल बटणे असतात. थांबलेल्या गाडीची कडी बोटांनी हलवली तर तिथे किंचित खेळ जाणवतो. हा दोष समजून बटणे घट्ट ठोकली, तर कडीला प्रसरणासाठी जागाच उरत नाही.

शर्यतीतल्या कार्बन डिस्क सुमारे 200 अंशांखाली नीट पकडतच नाहीत, त्यामुळे रोजच्या वापरात त्या निरुपयोगी आहेत. उतारावर लिव्हर मऊ पडत असेल, तर नवी डिस्क घेण्याआधी ब्रेक फ्लुइड, म्हणजे लिव्हरचा दाब कॅलिपरपर्यंत नेणारा द्रव, तपासावे; ते उकळून त्यात बुडबुडे झाले की लिव्हर मऊ पडते. डॉट 4 या प्रमाणित दर्जाच्या नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो. ओलावा शोषलेल्या फ्लुइडसाठी मानकाची किमान अट 155 अंशांवर येते.