चित्र तेच, शब्द तोच. मग लॉबॅक कुठला आणि फ्रेरे कुठला?

प्रौढ साक्षरतेची पुस्तिका उघडली की एक चित्र, खाली एक शब्द, मग त्याची सुटी केलेली अक्षरं. यालाच कुणी लॉबॅकची पद्धत म्हणतं, कुणी फ्रेरेची. पानावरून दोन्ही ओळखू येत नाहीत, कारण फरक आहे तो चित्राच्या कामात आणि शब्द कुणी निवडला यात.

फ्रँक लॉबॅक हे अमेरिकी मिशनरी. १९३० च्या सुमारास फिलिपिन्समध्ये मारानाव लोकांसाठी त्यांनी तक्ते केले. तिथे चित्र असतं अक्षर लक्षात राहावं म्हणून. मंदीत पैसा आटला, तेव्हा शिकलेल्याने पुढच्याला शिकवायचं असं ठरलं; ‘ईच वन टीच वन’ ही घोषणा त्यातूनच जगभर गेली. तक्ता नीट बांधलेला असेल तर कालच शिकलेली बाईसुद्धा आज जावेला शिकवू शकते. ही काही लहान गोष्ट नाही.

पाउलो फ्रेरे हे ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ. त्यांच्याकडे चित्र असतं बोलायला. आधी वस्तीत जायचं, लोकांच्या तोंडचे, त्यांना झोंबणारे शब्द वेचायचे. १९६३ मध्ये ईशान्य ब्राझीलमधल्या अंजिकोस गावात सुमारे ३०० जणांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवण्याचा प्रयोग झाला. तेव्हा तिथे निरक्षरांना मताचा अधिकार नव्हता, म्हणजे साक्षर झालेला प्रत्येक मजूर हा एक नवा मतदार. १९६४ च्या लष्करी उठावानंतर फ्रेरे आधी तुरुंगात आणि मग परदेशात गेले, यात नवल नाही.

आपल्याकडे ऊसतोड मजुरांच्या तळावर असा वर्ग घ्यायचा झाला, तर शब्द घ्यावा ‘उचल’. चित्रात मुकादम पैसे मोजून देतोय. उचल किती घेतली, वहीत कुणी लिहिली, फिटली की नाही हे कसं कळणार? यावर तास गेला तरी जाऊ द्यायचा. मग च आणि ल ची बाराखडी मांडायची. (ब्राझीलमध्ये अशी अक्षरांची कुटुंबं मुद्दाम तक्त्यावर मांडावी लागली, आपल्याला ती आयतीच मिळालीत.) त्यातून बायका स्वतःच शब्द जुळवतात: चूल, चाल, लाच. ‘लाच’ निघाला की वर्ग पुन्हा बोलायला लागतो. तोच ‘उचल’ लॉबॅकच्या तक्त्यावरही बसेल, पण तिथे तो उ, च, ल शिकवून बाजूला होईल.

फ्रेरेंची पद्धत महागडी आहे, हे मात्र मान्य करायला हवं. शिकवणाऱ्याला बोलतं करता आलं पाहिजे, गप्प बसता आलं पाहिजे, आणि दर वस्तीचे शब्द वेगळे. राज्यभर एकच पुस्तिका छापायची तर शब्द कार्यालयातच ठरतो. मग चित्र कितीही गावाकडचं काढा, वर्ग लॉबॅकचाच होतो. ‘उल्लास’ या केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाला ५०-५०. तिच्यापुरता तो पुरतोही.

तेव्हा पुस्तिका चाळत बसू नका, वर्गात जाऊन बसा. चित्र दाखवल्यावर बाई लगेच फळ्याकडे वळल्या, की बायकांकडे, एवढं पाहिलं की कळतं.