चौदाच्या रेघेची पार्श्वभूमी

मैदानी खेळाडूंच्या हालचालींची चाळणी (स्क्रीनिंग), म्हणजे ठरावीक हालचाली करवून त्यांतले दोष टिपणारी तपासणी, म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती १९९० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आलेली ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’ ही सात हालचालींची पद्धत. त्याआधी हंगामापूर्वी हृदय आणि सांधे तपासले जात, धावण्याचे आणि उडीचे आकडे टिपले जात. शरीर ते काम कसे उरकते, याची नोंद क्वचितच होई. नव्या पद्धतीत डोक्यावर काठी धरून खोल बैठक मारताना टाचा सुटतात का, असल्या गोष्टींना ० ते ३ गुण मिळू लागले. दुखले की शून्य. डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल तर कमी गुण धरायचा. बेरीज २१ पैकी.

वाद पेटला तो १४ या आकड्यावरून. २००७ मध्ये एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघातील ४६ खेळाडूंच्या अभ्यासात १४ किंवा त्याहून कमी गुणांचे खेळाडू गंभीर जखमी होण्याची शक्यता बरीच अधिक दिसली. मात्र जखमी कोण झाले हे ठाऊक असताना, त्यांच्याच गुणांवरून ही रेघ ओढली होती, आणि जखमींपैकी सुमारे निम्मे तिच्या वरच होते. तरीही ती इतर खेळांत आणि लष्करी प्रशिक्षणातही जाऊन बसली. बेरजेची गंमत अशी की साती हालचालींत २ गुण मिळवणारा खेळाडू १४ वर अडकतो, तर दोन हालचालींत कळ येऊन शून्य आणि उरलेल्या पाचांत ३ मिळवणारा १५ वर सुटतो. दुखणाऱ्याला बेरीज न पाहता तपासणीला पाठवावे, हा नियम होताच. लक्षात राहिला तो आकडा.

घोळ ‘चाळणी’ या शब्दातही आहे. वैद्यकात चाळणी संशयित वेगळे काढते, निदान पुढे होते. क्रीडाक्षेत्राने तिच्याकडून थेट भाकीत मागितले. २०१६ मध्ये एका गाजलेल्या लेखाने अशा चाचण्या दुखापतीचे भाकीत करू शकत नाहीत आणि बहुधा कधीच करू शकणार नाहीत, असे मांडले, कारण जखमी आणि धडधाकट खेळाडूंचे गुण एकमेकांत मिसळलेले असतात. नंतरच्या आढाव्यांनीही भाकितासाठी बेरीज वापरण्याला आधार दिला नाही. आता जाणकार दुखणे आणि दोन बाजूंतील फरक यांवर भर देतात; बेरजेचा रकाना मात्र तक्त्यावर अजून आहे.