झामिओकुल्कस : पुण्यातील कोरड्या सावलीतील लागवड

अळू-सुरणाच्या कुलातील (ॲरेसी) ही बहुवर्षायू, सदापर्णी ओषधी (मऊ खोडाची लहान वनस्पती) पुण्याच्या रोपवाटिकांत ‘झेडझेड’ या नावाने विकली जाते आणि बहुधा दिवाणखान्यातील कुंडीतच राहते. झाडाखालच्या किंवा इमारतीच्या साइड मार्जिनमधील (बाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेतील) कोरड्या सावलीत, थेट जमिनीत तिची लागवड अजून विरळ आहे. प्रस्तुत नोंद त्या लागवडीपुरती आहे. शास्त्रीय नाव झामिओकुल्कस झामिइफोलिया असून प्रजातीत (जीनस) ही एकच जाती (स्पीशीज) आहे. केनियाच्या दक्षिण भागापासून दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्य भागापर्यंतचा पट्टा हे तिचे मूलस्थान होय. इंग्लंडमधील रोपवाटिकाधारक लॉडिजिस यांनी १८२९ मध्ये तिचे वर्णन कॅलेडियम प्रजातीत केले होते. सध्याचे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एंग्लर यांनी १९०५ मध्ये दिले. कुंडीतील वनस्पती म्हणून तिचा जगभर प्रसार मात्र १९९६ च्या सुमारास डच रोपवाटिका मोठ्या प्रमाणावर रोपे तयार करू लागल्यानंतरचा आहे.

जमिनीखाली बटाट्यासारखे जाड, मांसल मूलक्षोड (जमिनीत आडवे वाढणारे खोड) असते. त्यातून वर येणारी व खोडासारखी दिसणारी प्रत्येक काठी म्हणजे वस्तुतः एक संपूर्ण संयुक्त पान असून ते सामान्यतः ४० ते ६० सेंमी. लांब वाढते व त्यावर जाड, चकचकीत पर्णिकांच्या (पानाच्या छोट्या दलांच्या) ६ ते ८ जोड्या असतात. पानांत सु. ९१ टक्के आणि फुगीर देठांत सु. ९५ टक्के पाणी साठलेले असते. पाण्याचा ताण पडल्यास ही वनस्पती पर्णरंध्रे (पानांवरील सूक्ष्म छिद्रे) रात्री उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेऊ शकते; तिच्या कुलातील जमिनीवर वाढणाऱ्या वनस्पतींत ही क्षमता अन्यत्र आढळलेली नाही. ताण फारच वाढला तर पर्णिका गळतात, देठ व मूलक्षोड तग धरतात. स्थूलकणिश फुलोरा (जाड दांड्यावर दाटीने बसलेली बारीक फुले) बुंध्यापाशी पानांआड येतो. शोभेच्या दृष्टीने त्याला महत्त्व नाही.

या गुणांमुळे पुण्याचा उन्हाळा तिला सोसतो. खरी अडचण पावसाळ्याची आहे. शहरात वर्षाकाठी साधारणपणे ७०० ते ७५० मिमी. पाऊस पडतो, त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पश्चिमेला बावधन-पाषाणकडे त्याचे प्रमाण अधिक, पूर्वेला हडपसरकडे कमी. म्हणजे येथील ‘कोरडी सावली’ आठ महिनेच कोरडी असते, आणि उरलेल्या चार महिन्यांत काळ्या मातीत पाणी धरून राहिल्याने मूलक्षोड कुजते. ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडू लागली की तहान समजून आणखी पाणी घातले जाते व झाड हातचे जाते. बुडाशी मऊ पडलेली काठी हलक्या ओढीने सुटून आली, तर तो कुजीचाच पुरावा समजावा.

म्हणून लागवडीतील निम्म्याहून अधिक श्रम निचऱ्यावर खर्च करावेत. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत मिश्रण भरण्याची नेहमीची रीत येथे घातक ठरते, कारण आजूबाजूचे पाणी त्याच खड्ड्यात उतरते. त्याऐवजी जमिनीच्या वर वीतभर उंचीचा वाफा करून त्यात मुरूम, विटांचे तुकडे, पोयटा व थोडे कुजलेले शेणखत घालावे. वाफा सावली देणाऱ्या झाडाच्या बुंध्याला टेकवू नये. बुंध्यावर माती चढल्यास मोठ्या झाडाची साल कुजते. गच्चीवरील पाणी उतरवणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी ही रोपे कधीही लावू नयेत.

सावलीची निवडही दिसते तितकी सोपी नाही. गुलमोहराची पाने ऐन उन्हाळ्यात गळालेली असतात आणि वर्षावृक्षाची (रेन ट्री) पानगळही उन्ह तापू लागतानाच होते, त्यामुळे त्यांच्याखाली नेमकी नको तेव्हा उघडीप मिळते व पर्णिकांवर पांढुरके, पुन्हा न भरणारे चट्टे उमटतात. आंबा, जांभूळ व बकुळ यांची छाया अधिक भरवशाची आहे. इमारतीची उत्तरेकडील बाजू कायम सावलीत असते, हा समजही पुण्याच्या अक्षांशावर खरा नाही: मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो, आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तर मार्चअखेरीपासूनच त्या भिंतीवर येते. सज्जा किंवा उंच कुंपणभिंत असेल तरच ती जागा घ्यावी.

रोपे जूनमध्ये लावण्याची प्रथा इथे बाजूला ठेवणे बरे. फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये लावल्यास वाढत्या उबेत मुळे धरतात आणि पाऊस येईपर्यंत रोप स्थिर होते. पहिल्या उन्हाळ्यात वरची माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. मोठ्या झाडाची मुळे त्यातील बराच वाटा पळवतात, म्हणून थोडे थोडे शिंपडण्याऐवजी एकदाच भरपूर द्यावे. पावसाळ्यात पाणी व खत दोन्ही बंद ठेवून बुडाशी साचलेला पालापाचोळा काढावा. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० ते १२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते तेव्हा वाढ थांबते. हा दोष नव्हे. किडींपैकी पिठ्या ढेकूण व खवले कीड अधूनमधून दिसतात व ओल्या फडक्याने पुसून आवरतात.

अभिवृद्धी (नवी रोपे तयार करणे) मूलक्षोड विभागून लवकर होते. एकेक पर्णिका ओलसर वाळूत खोचूनही रोपे होतात, परंतु तिच्या बुडाशी आधी लहान गड्डा तयार होतो आणि नवे पान दिसायला अनेक महिने, कधी वर्षही लागते. ‘रेव्हन’ या वाणाची कोवळी पाने हिरवी असून पुढे जवळजवळ काळी होतात. दाट सावलीत ती दुरून दिसतच नाहीत, त्यामुळे त्याला चुनकळी रंगाच्या भिंतीची पार्श्वभूमी हवी. ‘हवा शुद्ध करणारे झाड’ ही रोपवाटिकांतील जाहिरात उघड्या बागेत निरर्थक आहे. वनस्पतीच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असल्याने चावल्यास तोंडाची आग होते, आणि छाटणीनंतर हात धुणे आवश्यक असते.