मसाला फ्राइज व चीज सॉस

बटाट्याचे लांब काप दोनदा तळून, गरम असतानाच त्यांवर कोरडा तिखट मसाला घोळवून, दाट चीज सॉसबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थास मसाला फ्राइज म्हणतात. सातारा, कराड, सांगली, मिरज या भागांत त्यास ‘फिंगर चिप्स’ किंवा ‘पेरी-पेरी फ्राइज’ असेही म्हटले जाते. फ्राइज मूळचे बेल्जियमचे की फ्रान्सचे, याविषयी मतभेद आहेत. बटाटा आणि मिरची मात्र दोन्ही अमेरिका खंडातून पोर्तुगिजांमार्फत भारतात आली, आणि ‘बटाटा’ हा मराठी शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आलेला आहे. हा पदार्थ घरी साधण्यातील जवळजवळ प्रत्येक अडचण ओलाव्याची असते, त्यामुळे बटाट्याच्या निवडीपासून सॉसच्या दाटपणापर्यंतची सर्व कृती पाणी कुठे आहे व ते कसे घालवावे या एकाच दृष्टीने समजून घ्यावी लागते.

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातील पुसेगाव परिसरात खरीप हंगामात बटाटा पिकतो. पावसाळा सरताना बाजारात येणारा हा नवा बटाटा पातळ सालीचा व पाणीदार असल्याने भाजीस उत्तम, पण तळणीस दुय्यम ठरतो. उरलेल्या वर्षभर येणारा आग्र्याचा किंवा इंदूरचा बटाटा बहुधा शीतगृहातला असतो. कमी तापमानात बटाट्यातील पिष्टाचे साखरेत रूपांतर होत राहते आणि असे काप तेलात पडताच काळपट होतात, तरीही आतून मऊच राहतात. म्हणून शीतगृहातील बटाटा आणल्यावर दोन-तीन आठवडे घरातील हवेशीर, अंधाऱ्या जागी ठेवून मगच वापरावा, म्हणजे साखर पुष्कळशी कमी होते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने वेफर्ससाठी ‘कुफरी चिपसोना’ आणि फ्राइजसाठी ‘कुफरी फ्रायसोना’ हे कमी साखरेचे वाण विकसित केले आहेत, परंतु आठवडी बाजारात वाणाचे नाव विचारून बटाटा मिळणे दुर्मीळ आहे. तेथे हाताला जड, घट्ट आणि कोंब न फुटलेला बटाटा निवडणे हाच व्यवहार्य मार्ग होय.

साधारण एक सेंटिमीटर जाडीचे काप करून ते थंड पाण्यात अर्धा तास ठेवावेत, म्हणजे पृष्ठभागावरील सुटे पिष्ट व साखर धुऊन जाते. त्यानंतर लिटरभर पाण्यास एक मोठा चमचा व्हिनेगर घालून त्यात काप चार-पाच मिनिटे उकळावेत. आम्लामुळे बटाट्याच्या पेशी एकमेकींना जोडून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि काप मोडत नाहीत. उकळलेले काप सुती पंच्यावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडे करावेत. माण, आटपाडी किंवा जतसारख्या कोरड्या हवेच्या भागांत हे काम लवकर होते, तर महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळी हवेत त्यास बराच अधिक वेळ द्यावा लागतो. पहिली तळणी १५० ते १६० अंश सेल्सिअसला चार-पाच मिनिटे, नंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि दुसरी तळणी १८० ते १९० अंशांना दोन-तीन मिनिटे असा क्रम असतो. पहिल्या वेळी काप आतून शिजतो. विश्रांतीत आतील ओल बाहेरच्या थरात येते आणि दुसऱ्या वेळी ती उडून जाऊन कडक कवच तयार होते. तापमापी नसल्यास तेलातील बुडबुड्यांकडे लक्ष द्यावे, कारण ते कापांतून निघणाऱ्या वाफेचे असतात. त्यांचा जोर ओसरला की काप काढण्याची वेळ झाली असे समजावे. घाण्याचे शेंगदाणा तेल लवकर धुरावते, म्हणून दुसऱ्या तळणीस रिफाइंड तेल अधिक योग्य.

मसाल्याच्या बाबतीत या भागातील घरांना एक मोठी देणगी आहे आणि तीच येथे अडचणही ठरते. उन्हाळ्यात कांडपावर कुटून आणलेली वर्षाची कांदा-लसूण चटणी घरोघरी असते. बेडगीचा रंग, संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीचा तिखटपणा, तळलेला कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धणे आणि खडा मसाला यांचा तो मिलाफ बाजारातील कोणत्याही पेरी-पेरी पुडीपेक्षा चवीला खोल आहे. मात्र तेल, कांदा व खोबरे यांमुळे ही चटणी ओलसर असते, कापांवर तिचे गोळे बसतात आणि कवच पाच मिनिटांत मऊ पडते. त्यावर उपाय असा की तीन चमचे चटणी मंद आचेवर कोरड्या तव्यावर सुटी होईपर्यंत परतावी, पूर्ण थंड करावी, एक चमचा कॉर्नफ्लोअर घालून मिक्सरमधून क्षणभरच फिरवावी (अधिक फिरवल्यास खोबऱ्याला तेल सुटते) आणि चाळून घ्यावी. त्यात आमचूर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळे मीठ व चिमूटभर पिठीसाखर मिसळावी. चटणीत मूळचे मीठ असते, हे विसरू नये. मसाला तेलात जळतो, म्हणून तो तळणीनंतरच, कापांवर तेलाचा पातळ थर असतानाच घोळवावा.

चीज सॉससाठी २० ग्रॅम लोण्यात २० ग्रॅम मैदा, रंग न बदलू देता, दोन मिनिटे परततात आणि ३०० मिलिलिटर कोमट दूध थोडे थोडे घालून गुठळी न होऊ देता ढवळतात. या भागात म्हशीचे दूध विपुल आहे. सांगली जिल्ह्यातील भिलवडी येथे १९३९ साली चितळे यांचा दुग्धव्यवसाय सुरू झाला, तोही कृष्णाकाठच्या याच दूधपट्ट्यात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक असल्याने सॉस दाट होतो आणि मैदा थोडा कमी केला तरी चालतो. दूध दाटल्यावर आच बंद करून १०० ग्रॅम किसलेले प्रोसेस्ड चीज घालावे. त्यातील सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षारांमुळे प्रथिने व स्निग्धांश एकत्र राहतात. मोझरेलाचे मात्र तार व गोळे होतात, आणि कोणतेही चीज उकळल्यास सॉस फुटण्याचा धोका असतो. मिरचीतील कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य स्निग्धांशात विरघळते व दुधातील केसिन हे प्रथिन त्यास बांधून ठेवते, म्हणूनच पाण्याने न शमणारा चटणीचा झणझणीतपणा या सॉसने शमतो.

सॉस कापांवर ओतण्याऐवजी वेगळ्या वाटीत द्यावा. तो थंड झाल्यावर घट्ट होतो. चमचाभर दूध घालून मंद आचेवर पुन्हा पातळ करता येतो. पाहुणे टप्प्याटप्प्याने येणार असतील तर पहिल्या तळणीपर्यंतचे काम आधी उरकून, दुसरी तळणी व मसाला प्रत्येक वेळी लागेल तेवढ्याच कापांना करावा.