घरी केलेलं ग्रीटिंग कार्ड आलं कुठून?

हातानं केलेलं कार्ड म्हणजे मूळचं, अस्सल, आणि दुकानातल्या छापील कार्डानं त्याचा जीव घेतला असं सगळे धरून चालतात. इंग्लंडमधल्या व्हॅलेंटाइनच्या चिठ्ठ्यांपुरतं ते खरंय, पण आपल्याकडे माझ्या मते गाडी उलटी चालली: छापील आधी आलं आणि मग ते बघून बघून घरोघरी कार्डं व्हायला लागली.

छापील कार्डाचा जन्म तर चक्क कंटाळ्यातून झालाय. इंग्लंडमध्ये 1840 साली एका पेनीत कुठंही पत्र जायला लागलं आणि लोक पत्रांवर पत्रं लिहीत सुटले. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांचा टपालाच्या त्या सुधारणेत स्वतःचाच हात होता, त्यांच्याकडे नाताळात उत्तर द्यायच्या पत्रांचा ढीग साचला म्हणून त्यांनी 1843 मध्ये हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजारेक प्रती छापल्या, आणि उरलेल्या एक शिलिंगला एक अशा विकल्या. एक शिलिंग म्हणजे बारा पेनी, म्हणजे टपालखर्चाच्या बारापट! चित्रात घरातलं लहान मूलही वाइन पिताना दाखवलंय म्हणून दारूबंदीवाले चिडले ते वेगळंच. पण गंमत अशी की या कार्डाची फक्त रेघ छापलेली होती, रंग हातानंच भरले होते.

अमेरिकेत एस्थर हाउलंड बाईंनी तर कमालच केली. वडिलांचं स्टेशनरीचं दुकान, 1840च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडहून आलेलं लेस लावलेलं एक व्हॅलेंटाइन त्यांच्या हातात पडलं, तसे नमुने त्यांनी स्वतः बनवले आणि भावानं ते विक्रीच्या फेरीवर नेले तर अपेक्षेच्या कितीतरी पट ऑर्डरी आल्या. मग घरातच टेबलाभोवती बायका बसवल्या, एक कापणार, एक चिकटवणार, एक पुढं सरकवणार. म्हणजे हातानं केलेल्या कार्डांचा कारखानाच की!

आपल्याकडे 1854 पासून अर्ध्या आण्यात देशभर पत्र जायला लागलं आणि 1879 मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. साहेबांची नाताळची कार्डं बघून दिवाळीची भेटकार्डं निघाली, पण आपण त्यात स्वतःची भर घातली ती संक्रांतीला. लांबच्या मावशीला, नोकरीसाठी परगावी गेलेल्या भावाला तिळगूळ हातावर ठेवता येत नाही, मग छोटंसं कार्ड, त्यावर "तिळगूळ घ्या, गोड गोड बोला" आणि पाकिटात हलव्याचे चार दाणे. पोस्टातला शिक्का नेमका त्याच्यावर बसला की भुगा, पण तो भुगासुद्धा लोक चाटूनपुसून खायचे. दसऱ्याला तसंच आपट्याचं पान. मला विचाराल तर अख्ख्या ग्रीटिंग कार्डांच्या इतिहासात आपली खरी कमाई हीच.

घरी कार्डं करायची लाट मात्र शाळेतनं आली. शिक्षणात काय बदल हवेत ते सांगायला नेमलेल्या कोठारी आयोगानं (1964–66) शाळेत हातानं करायचं काम हवं म्हटलं, त्यातून कार्यानुभवाचा तास आला आणि त्या तासाला भेटकार्ड हे हमखास, कारण कार्डशीट, कात्री, डिंक एवढ्यात भागायचं. भेंडीचे ठसे, बटाट्याचे ठसे, रंगात बुडवलेला दोरा घडीत ठेवून ओढायचा, पिंपळाचं पान पाण्यात कुजवून जाळी काढायची. आणि सगळ्यांचा लाडका स्प्रे: कार्डावर नेच्याचं पान ठेवायचं, जुना टूथब्रश पोस्टर कलरमध्ये बुडवून कंगव्यावर घासायचा, रंगाचे बारीक शिंतोडे उडतात आणि पान उचललं की खाली पांढरं पान उमटलेलं. रंग पातळ झाला की मोठे थेंब पडून सगळं वाया, आणि कंगवा घरातला चांगला घेतला असेल तर आईचा ओरडा फुकट. मग पाकिटाचं झाकण न चिकटवता नुसतं आत खुपसून बुक पोस्टानं पाठवायचं, तिकीट कमी लागायचं म्हणून.

1979 हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखं. दिल्लीत ग्रीटिंग कार्डांची आर्चीज कंपनी सुरू झाली आणि मुंबईत एअर इंडियातले पर्सर रिपन कपूर यांनी 'क्राय' ही संस्था काढली, जिनं मुलांच्या कामासाठी कार्डं विकून पैसा उभा केला. युनिसेफचं पहिलं कार्ड त्याच्याही आधीचं, 1949 चं, युद्धानंतर मदत मिळालेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या एका सात वर्षांच्या मुलीनं कागद नव्हता म्हणून काचेवर रंगवलेल्या चित्राचं. आता दुकानात गुलाबी गुळगुळीत कार्डं आल्यावर घरचं कार्ड जरा गरीब दिसायला लागलं, पोरांना ते द्यायला लाज वाटायची हे खरंय.

पुढं एसेमेस आणि व्हॉट्सॅपनं दुकानातल्या कार्डाचा धंदा बसवला आणि घरचं कार्ड उलट वर आलं, कारण ते स्वस्तात पडतं म्हणून कोणी करतच नव्हतं आता. क्विलिंगच्या म्हणजे गुंडाळून नक्षी करायच्या कागदी पट्ट्या, आकार कापायचे पंच, वॉशी टेप म्हणजे नक्षीदार कागदी चिकटपट्टी, पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा पाकळ्या घातलेला जाड कागद, एवढं सगळं घेतलं तर दुकानातली दोन कार्डं आली असती. इन्स्टावर ऑर्डरी घेऊन एक्स्प्लोजन बॉक्स, म्हणजे झाकण उचललं की चारी बाजू उलगडणारे कार्डाचे डबे, करून देणाऱ्या मुली आहेतच. फक्त ही उठावदार कार्डं साध्या पाकिटात मावत नाहीत, कुरियरला कार्डापेक्षा जास्त पैसे जातात, त्यामुळं आता घरचं कार्ड बहुतेक वेळा गावातल्या गावात आणि हातोहातच दिलं जातं.